चाकांवरचं दुकान

रस्त्याच्या पलीकडे, बंद असलेल्या रसवंतीच्या गाड्याशेजारी उभी राहून मी माझंच दुकान बघत होते. ही सवय पुण्याची. मांडणी आतून कधी कळत नाही. रस्ता ओलांडून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेनं ती बघावी लागते. मिरजेतली डिसेंबरची सकाळ होती, साडेदहाचा सुमार. भिंतभर काचेतून आतलं सगळं लख्ख दिसत होतं. डावीकडे साड्या, मधे पांघरुणं, उजवीकडे स्टीलची भांडी आणि स्टोव्ह. रॅक मुद्दाम चार फुटांचे ठेवले होते, म्हणजे मागच्या भिंतीपर्यंत नजर पोचावी.

काचेपुढे एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, करडी पँट, हात पाठीमागे बांधलेले. पाच मिनिटं झाली तरी हलेनात. मधेच दाराकडे गेले, मुठीला हात लावला, रस्त्याकडे वळून बघितलं आणि परत काचेपुढे येऊन उभे राहिले. मला मनातून बरं वाटलं. मांडणीनं माणसाला धरून ठेवलंय, असं म्हणाले मी स्वतःशी. तेवढ्यात त्यांनी मान वळवली आणि मी त्यांना ओळखलं.

"सर! तेरदाळे सर!"

मी रस्त्यावरूनच ओरडले आणि एका रिक्षाला थांबवत पलीकडे धावले. ते दचकले. दोन पावलं निघूनही गेले होते, पण मी समोरच जाऊन उभी राहिले.

"कोण? वैजू?"

"ओळखलंत सर! वैजयंता चौगुले. जतची. नववीत तुम्ही मला परीक्षेला सांगलीला घेऊन आला होतात."

"होय, होय. एलिमेंटरीला. एसटीत उलटी केली होतीस तू." ते हसले. खूप वाळले होते. गालांवर दाढीचे पांढरे खुंट होते. सर तर रोज दाढी करणारे. पण हे सगळं मी तेव्हा पाहिलं, असं आज म्हणणं खोटं होईल. तेव्हा मला दिसले ते फक्त माझे चित्रकलेचे सर, आणि त्यांच्या पाठीमागे मी मांडलेलं दुकान.

"इथं कसे सर?"

"हिला दाखवायला आणलंय दवाखान्यात. दोन दिवसांचं काम." त्यांनी काचेकडे बोट केलं. "हे कसलं दुकान आहे, ते बघत होतो सहज."

"आमच्या ट्रस्टचं आहे सर. लोक वापरलेल्या वस्तू देतात, त्या आम्ही नाममात्र किमतीत विकतो. दवाखान्यात येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी. आणि सर, हे सगळं मी मांडलंय. रॅकना चाकं आहेत, आतले कप्पे काढता येतात. आज साड्या जास्त आल्या तर साड्यांचं दुकान, उद्या भांडी आली तर भांड्यांचं."

"तू केलंस?" त्यांचा चेहरा उजळला. "छान. छान केलंस."

"आत चला ना."

"नको, नको. गडबडीत आहे." मग जरा थांबून, घसा साफ करून ते म्हणाले, "म्हणजे, मलाही द्यायचं होतं काहीतरी. म्हणूनच बघत होतो, कुठं द्यायचं ते."

"काय सर?"

"एक कोट आहे. लोकरीचा. आता काय मला लागत नाही."

"द्या की सर! बाजूच्या गल्लीत दार आहे, तिथं वस्तू जमा करायच्या. मी दिवसभर इथंच असते."

"उद्या आणतो," सर म्हणाले आणि दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. पुण्यात एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात सहा वर्षं डिस्प्लेचं काम केलं होतं. २००९ साली ते दुकान बंद झालं आणि मी मिरजेला आईवडिलांकडे परत आले. बाबांची बँकेतली नोकरी जतला होती तोवर आम्ही तिथं राहायचो. निवृत्तीनंतर ते मिरजेत आले होते. दवाखान्यांचं गाव. कोकणातून, कर्नाटकातून, जत-आटपाडीकडून माणसं पेशंटला घेऊन इथं येतात. दोन दिवसांच्या तयारीनं येतात आणि दोन-दोन महिने अडकतात. अंगावरचे कपडे, एक पिशवी, बास. त्यांच्यासाठी दुकान काढायची कल्पना एस्तेरबाई वाघचौरेंची. चाळीस वर्षं नर्स म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. जागा दिली मगदूमकाकांनी. त्यांचा तंबाखूचा व्यापार, ते ट्रस्टचे चिटणीस, आणि त्यांचं रस्त्यावरचं एक गोदाम रिकामं पडलं होतं. रस्त्याकडची भिंत पाडून काच बसवली तीही त्यांनीच, स्वखर्चानं.

"शोरूम वाटली पाहिजे, वैजयंता," ते मला म्हणाले होते. "लोकांना दिसलं पाहिजे, आपण काय करतोय ते. दिसलं तर देतील."

मला हे पटलं होतं. मी सहा वर्षं हेच शिकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, गल्लीतल्या दारानं. कागदात गुंडाळलेला कोट टेबलावर ठेवला. तपकिरी, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला. शाळेत थंडी सुरू झाली की तो त्यांच्या अंगावर दिसायचा तो थेट होळीपर्यंत.

"सर, हा तर तुमचा!"

"जुना झाला ग. आणि थंडी मला सोसते."

सिस्टर टेबलाशी बसून नोंद करत होत्या. त्यांनी चष्म्यावरून सरांकडे बघितलं. "पेशंट कोण आहे तुमचं?"

"पत्नी."

"कुठल्या वॉर्डात?"

"बरं आहे आता तिला," सर म्हणाले. "येतो मी."

मी त्यांना थांबवून देणगीदारांचा फलक दाखवला. तोही मगदूमकाकांचाच आग्रह. काचेच्या आत, रस्त्यावरून वाचता येईल असा लावलेला. नावं मी स्वतः ब्रशनं रंगवायची. सर बघत असतानाच मी शेवटच्या ओळीत लिहिलं, 'श्री. वि. ग. तेरदाळे, कलाशिक्षक, जत.' अक्षर छान आलं होतं. सरांनी मान खाली घातली. मला वाटलं, संकोचले.

कोट मी पुतळ्यावर चढवून काचेत मधोमध उभा केला. त्याच संध्याकाळी तो गेला. विजापूरकडचा एक ट्रकचालक गाडी बाहेर लावून आला, अंगात घालून बघितला आणि घेऊन गेला. मला आनंद झाला. त्या आठवड्यात विकली गेलेली ती सहावी वस्तू होती.

कारण दुकान चालत नव्हतं. देणारे भरपूर यायचे. सांगलीहून मोटारी भरून कपडे यायचे. ज्यांच्यासाठी दुकान काढलं ते मात्र येत नव्हते. समोरून जायचे, काचेकडे बघायचे आणि चालू लागायचे. मी रॅक फिरवून बघितले. पांघरुणं पुढं आणली, दिवे वाढवले, किमतीच्या चिठ्ठ्या मोठ्या केल्या. रोज संध्याकाळी मांडणी बदलायची, सकाळी रस्त्यापलीकडे जाऊन बघायची. काही फरक पडेना. मगदूमकाकांनी संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. एक औषधांचा वितरक गोदाम भाड्यानं मागत होता.

"तू गिऱ्हाईक बघितलंयस का तुझं?" एक दिवस सिस्टरनी विचारलं.

"रोज बघते की. काचेसमोरून जातात."

"जाताना नव्हे. राहताना. उद्या सकाळी सहाला दवाखान्याच्या फाटकाशी ये."

दवाखान्याच्या मागच्या अंगाला नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. तीन बाजूंनी उघडी. मी पोचले तेव्हा उजाडत होतं, तोंडातून वाफ निघत होती. साठ-सत्तर माणसं फरशीवर ओळीनं पडलेली. कुणी सतरंजीवर, कुणी पोत्यावर, कुणी वर्तमानपत्र अंथरून. एका कोपऱ्यात तीन विटांच्या चुली पेटल्या होत्या. सिस्टर बहुतेकांना नावानं ओळखत होत्या.

एका चुलीपाशी गौराबाई नावाची बाई भाकरी थापत होती. अथणीच्या बाजूची. मुलाचा पाय अपघातात मोडला होता, म्हणून सात आठवडे इथं. पातेलं नव्हतं, डालड्याच्या डब्यात डाळ शिजत होती.

"गौराबाई, ही वैजू. ते काचेचं दुकान हिनं मांडलंय," सिस्टर म्हणाल्या.

"लई झ्याक हाय," गौराबाई म्हणाली. "येताजाता बघतोय आम्ही."

"मग आत का येत नाही?" मी विचारलं. "पातेली आहेत आमच्याकडे. पाच रुपयाला एक."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले. "त्या काचंतनं समदं दिसतंय की ओ ताई. ह्याच रस्त्यानं आमच्या गावची माणसं स्टँडवर जात्यात. कुणी बघितलं तर गावात जाऊन सांगत्याल, गौरी मिरजंला जुनेर वढत हुती म्हणून. माझी लेक लग्नाची हाय."

"पण तुम्ही पैसे देऊन घेणार ना? फुकट थोडंच आहे?"

"त्ये रस्त्यावरनं दिसतंय व्हय?" ती म्हणाली. "आन् त्येच्यात त्या पाटीवर मोठ्यामोठ्यांची नावं. आमच्या गावच्या सावकाराचंबी हाय म्हनं. त्यानं दिलेली साडी मी नेसू आन् त्याच्याच म्होरनं जाऊ?"

सिस्टर पुढं निघाल्या होत्या. मी त्यांच्यामागून शेडच्या टोकापर्यंत गेले. तिथं पाण्याचा नळ होता. नळाशी एक माणूस पाठमोरा उभा होता, उघड्या अंगावर टॉवेल पांघरून. तो सदरा धूत होता. धुवून पिळला, दोन वेळा झटकला आणि दोरीवर न टाकता तसाच हातात ताणून धरून उन्हाची वाट बघत उभा राहिला. थंडीनं खांदे हलत होते. मग ते जरासे वळले.

मी तोंड उघडणार तोच सिस्टरनी माझा दंड घट्ट धरला आणि मला खांबाच्या आड ओढलं.

"हाक मारू नकोस."

"सिस्टर, ते..."

"ठाऊक आहे. कोट दिला त्या दिवशीच मला शंका आली. मग वॉर्डात जाऊन चौकशी केली. पाच आठवडे झाले त्यांना इथं. बाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं, जखम भरत नाही. निवृत्तिवेतन नाही. विनाअनुदानित शाळा होती ना ती तुमची?"

"ते मला म्हणाले, दोन दिवसांचं काम आहे."

"म्हणणारच. तू रस्त्याच्या मधोमध उभी राहून नावानं हाक मारलीस. तो रिक्षावाला मला सांगत होता. आणखी काय सांगणार ते?"

मी सरांकडे बघत होते. पायाशी त्यांचं अंथरूण होतं. घडी घातलेली एक चादर आणि उशाला एक जुनी साडी, बाईंची असणार. पांघरूण काहीच नव्हतं. काचेपुढे उभं राहून ते पाच मिनिटं काय बघत होते, ते तेव्हा मला कळलं. काचेच्या बरोबर मधे मी पांघरुणं लावली होती. ते ब्लँकेट घ्यायला आले होते. धीर करून मुठीला हात लावला होता. आणि मी धावत जाऊन त्यांना अशा ठिकाणी उभं केलं, की जवळचा कोट देण्यावाचून त्यांना दुसरी वाट राहिली नाही.

"मी आत्ता जाऊन एक ब्लँकेट आणते," मी म्हणाले. "दोन आणते."

"आणि? हातात देणार? ते बाईंना उचलून आजच जतला जातील. जखम उघडी असताना. मी असे लोक बघितलेत, पोरी."

"तुम्ही द्या मग."

"मी त्यांचं नाव वहीत लिहिलंय, देणाऱ्यांच्या यादीत. माझ्या हातून कसं घेतील?" सिस्टरनी दंड सोडला. "कोट परत देता आला असता तर गोष्ट वेगळी."

कोट विजापूरला गेला होता.

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. म्हणजे कुलूप काढलं, पण आत नुसती बसून राहिले. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं. दुपारी उठले आणि फलक काढला. टर्पेंटाइननं सगळी नावं पुसली, मगदूमकाकांचं पहिलं. मग वही घेऊन रॅकची मापं नव्यानं काढली आणि दस्तगीर मुजावरच्या वर्कशॉपमध्ये गेले. रॅक त्यानंच बनवले होते, चौकोनी पाइपचे.

"उंची वाढवायची," मी म्हणाले. "साडेपाच फूट."

"साडेपाच?" दस्तगीर म्हणाला. "तुम्हीच चार सांगितलं होतं. दीड फूट वर नेलं तर कलंडतील. चाकावर आहेत."

"खालचा पाया रुंद कर."

"साडेपाच कशाला पण? पाच करू."

"पाचात डोकं दिसतं," मी म्हणाले.

त्यानं खडूनं पाइपवर खूण केली. रविवारी दुकान बंद असायचं. सकाळी तो वेल्डिंगचं सामान घेऊन दोन माणसांसह आला आणि चार वाजेपर्यंत बाराही रॅक वाढवून झाले. मग आम्ही ते ढकलले. चाकं होती म्हणून एका दिवसात जमलं. खिळे ठोकून बसवलेलं दुकान असतं तर महिना गेला असता. सहा रॅक काचेला पाठ करून ओळीनं उभे केले. रस्त्याकडच्या पाठीवर गोधड्या लटकवल्या, रंगीबेरंगी. बाहेरून बघणाऱ्याला गोधड्यांची भिंत दिसावी. काचेचा वरचा भाग मोकळा राहिला, तिथून उजेड आत यायचा. उरलेल्या सहा रॅकचे मी कोपरे केले. एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्या कोपऱ्यातला माणूस दिसू नये असे. मागच्या भिंतीला, कपडे लावून बघायला, एक पुरुषभर आरसा ठेवला.

रस्त्यावरचं दार बंद केलं. गल्लीतलं एकच दार उघडं ठेवलं, देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना. 'वस्तू जमा' आणि 'विक्री' या दोन्ही पाट्या काढल्या. आत एकच टेबल.

"तरी गल्लीतून दिसणारच," बेत ऐकून सिस्टर आधीच म्हणाल्या होत्या. "रिकाम्या हातानं आत गेला तो घेणारा आणि पिशवी घेऊन आत गेला तो देणारा."

"मग सगळ्यांच्याच हातात पिशवी असली तर?"

त्या हसल्या. रविवारपर्यंत शेजारच्या शिंपिणीकडून आम्ही जुन्या पडद्यांच्या शंभर पिशव्या शिवून घेतल्या. सगळ्या एकाच मापाच्या. त्यातल्या साठ सिस्टरनी शेडमध्ये वाटल्या. बाकीच्या टेबलाखाली ठेवल्या. वस्तू देऊन जाणाऱ्याला जाताना एक द्यायची, पुढच्या वेळी यातून आणा म्हणून.

सोमवारी दहा वाजता मगदूमकाका आले. रस्त्यावर गाडी थांबवून ते बराच वेळ काचेकडे बघत उभे राहिले. मग गल्लीतून आत आले.

"हे काय केलंस?"

"मांडणी बदलली, काका."

"बदलली? झाकलीस! मी काच कशाला बसवली मग?"

"उजेडासाठी," सिस्टर म्हणाल्या.

"आणि फलक? सांगलीच्या लोकांना मी काय दाखवू? नावं कुठं गेली?"

"पुसली मी," मी म्हणाले.

काका लाल झाले. "वैजयंता, तू पुण्याहून आलीस म्हणून तुझ्यावर विश्वास टाकला. संक्रांतीला वीस दिवस उरलेत. आता तर कुणाला कळणारही नाही हे दुकान आहे म्हणून."

ते बोलत असतानाच दारात एक बाई आली. डोक्यावरून पदर, हातात पडद्याची पिशवी. एक पाऊल आत टाकलं, काकांकडे नजर गेली आणि ती जागीच थबकली. पदर पुढं ओढून आल्या पावली मागं वळली. गल्लीतून तिच्या चपलांचा आवाज लांब गेला.

काकांचं वाक्य अर्धवट राहिलं. ते दाराकडे बघत राहिले.

"ती आमच्या तोलाराची सून," ते म्हणाले. तोलार म्हणजे त्यांच्या वखारीत तंबाखूचं वजन करणारा माणूस. "वीस वर्षं आहे तो माझ्याकडे. त्यांचं कोण आहे दवाखान्यात?"

"तिचं तान्हं बाळ," सिस्टर म्हणाल्या. "काचेच्या पेटीत ठेवलंय. तीन आठवडे झाले."

"मला बोलला नाही तो."

काकांनी टोपी काढून हातात घेतली, परत घातली.

"ती परत येईल का?"

"तुम्ही गेलात की येईल," सिस्टर म्हणाल्या.

ते गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पंधरा मिनिटांनी ती बाई परत आली आणि लहान मुलाची दुपटी, एक चादर आणि थर्मास घेऊन गेली. काचेविषयी काका पुन्हा कधी बोलले नाहीत. संक्रांत आली आणि गेली, तरी त्या वितरकाचं नावही निघालं नाही.

मंगळवारी गौराबाई आली आणि दोन पातेली घेऊन गेली. बुधवारी नऊजण आले. गुरुवारी मी मोजायचं सोडून दिलं, कारण कोण द्यायला आलं आणि कोण घ्यायला, हे मलाच दारातून ओळखता येईना. पण मी वाट बघत होते ती एकाच माणसाची, आणि तो माणूस येत नव्हता. थंडी वाढली होती. मी रोज ब्लँकेटांचा रॅक ढकलत दाराच्या जवळ आणायचे. आत फार चालावं लागू नये म्हणून. सिस्टरना मी बजावलं होतं की ते आले तर मी आता इथं काम करत नाही असं सांगा.

शुक्रवारी दुपारी, जेवायच्या वेळी दुकान रिकामं होतं. मागच्या कोपऱ्यातल्या एका रॅकचं चाक अडकत होतं. मी पान्हा घेऊन फरशीवर बसले होते. कुणीतरी आल्याचं कळलं. हँगर सरकल्याचे आवाज झाले.

"हे ब्लँकेट," आवाज आला. "आणि तो शर्ट. पूर्ण बाहीचा."

मी पान्हा हळूच खाली ठेवला.

"ब्लँकेटचे वीस, शर्टाचे दहा," सिस्टर म्हणाल्या. नेहमीच्या सुरात, जरासुद्धा मऊ नाही. "शर्ट लावून बघा, मागं आरसा आहे."

पावलं माझ्या दिशेनं आली. आरसा माझ्यापासून चार हातांवर होता, मधे फक्त कपड्यांनी भरलेला रॅक. शर्ट चढवल्याची सळसळ ऐकू आली. मग काहीच नाही. ते बराच वेळ आरशासमोर उभे होते. चाकांमुळे रॅकच्या खाली वीतभर जागा मोकळी होती. तिथून माझे पाय दिसत असतील, हे मला फार उशिरा सुचलं. मी पाय ओढून घेतले.

ते टेबलाकडे परत गेले.

"बसतोय?" सिस्टरनी विचारलं.

"बसतोय."

"बाई कशा आहेत?"

"जखम सुकली. पुढच्या आठवड्यात सोडतील म्हणतात." पिशवीत काहीतरी भरल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "ही मांडणी कुणी केली?"

"आहे एक मुलगी."

"चांगली केली आहे. रेषा स्वच्छ आहेत. पण आरसा चुकलाय."

त्यांचा आवाज थोडा चढला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा.

"उजेड समोरच्या काचेतून येतो. आरसा मागच्या भिंतीला, त्या उजेडाकडे तोंड करून. त्यामुळं माणूस त्याच्यापुढं उभा राहिला की उजेड पाठीवर पडतो आणि चेहरा काळा दिसतो. इथं येणाऱ्या माणसाला आपला चेहरा नीट दिसला पाहिजे. तिला म्हणावं, आरसा फिरव."

"सांगते," सिस्टर म्हणाल्या.

ते गेले. गल्ली दगडी होती, पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली. ती बंद होईपर्यंत मी फरशीवरच बसले होते. मग उठले आणि आरसा फिरवला.